न्वार (२००१) : पॅरिस, दोन मारेकरी मुली आणि काजिउराचं संगीत. कुणी पाहिलीये का?

खिडकीपाशी

अ‍ॅनिमेचा विषय निघाला की गप्पा नारुतो, डेथ नोट आणि घिबलीच्या सिनेमांभोवतीच फिरतात. मला ज्या मालिकेबद्दल मनापासून बोलायचंय तिचं नाव क्वचितच कुणी घेतं, म्हणून हा धागा.

'न्वार' ही जपानी मालिका २००१ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात टीव्ही टोकियोवर लागली. एकूण २६ भाग. स्टुडिओ बी ट्रेन, दिग्दर्शक कोइची माशिमो, लेखक र्‍योए त्सुकिमुरा, संगीत युकी काजिउरा.

गोष्ट अशी. मिरेय बुके ही मूळची कॉर्सिकाची, पॅरिसमध्ये राहून सुपार्‍या घेणारी मारेकरी. तिला जपानहून एका शाळकरी मुलीचं ई-मेल येतं आणि त्यासोबत एक धून. ही धून मिरेयच्या लहानपणातली, आईवडिलांचा खून झाला त्या दिवसाशी जोडलेली. ई-मेल पाठवणारी किरिका यूमुरा. तिला स्वतःबद्दल काहीच आठवत नाही. नाव खोटं, ओळखपत्र खोटं. जवळ एक पिस्तूल, एक खिशातलं घड्याळ आणि डोक्यात 'न्वार' हा एक शब्द. पण समोर माणसं चालून आली की हात आपोआप चालतात आणि माणसं पडतात. दोघी मिळून 'न्वार' या नावाने कामं घ्यायला लागतात. करार असा, की किरिकाचं गूढ उकललं की मिरेय तिला मारणार. किरिकाला तो मान्य आहे. पहिल्याच भागात हे ठरतं आणि पुढचे पंचवीस भाग ते दोघींच्या मध्ये उभं राहतं.

या मालिकेला 'स्टायलिश' म्हणतात तेव्हा बहुतेकांना लांब कोट, सिनेमासारखे कोन आणि गोळीबाराचं नृत्य अभिप्रेत असतं. ते आहेच. पण मला वाटतं, तिची खरी शैली ती काय दाखवत नाही यात आहे. रक्त जवळजवळ नाही. आरडाओरडा नाही. मारल्यावर दोघी काही बोलत नाहीत. मिरेयच्या घरात मधोमध बिलियर्डचं टेबल आहे आणि त्यावर तिचा संगणक. त्या टेबलापाशी बसून ती पुढच्या सुपारीचे तपशील वाचते, किरिका समोर गप्प उभी असते, खिडकीतून उन्हाचा पट्टा येतो. एवढंच. त्या दोन मिनिटांत एकमेकींवर विश्वास टाकायला त्या किती घाबरतात हे मला कुठल्याही संवादाशिवाय कळतं.

तुम्ही पाहिली असेल तर नक्की लिहा. शेवटाबद्दल लिहिताना वर 'रसभंग' असं लिहा म्हणजे नव्याने बघणार्‍यांची सोय होईल.

मिणमिणता_दिवा

मी नाही पाहिलेली. पण लायकोरिस रिकॉइल (२०२२) प्रचंड आवडली होती. त्यातही मुलीच मारेकरी. ही तशीच आहे का?

खिडकीपाशी

@मिणमिणता_दिवा, तशी अजिबात नाही. लायकोरिसमधली चिसातो जीव न घेणार्‍या गोळ्या वापरते, कॅफेत काम करते, सतत हसत असते. तिला कुणालाही मारायचं नाहीये हाच त्या मालिकेचा गाभा. इथे किरिकाला मारता येतं आणि मारताना तिला दुःख होत नाही. नेमकं तेच तिला खातं. 'मला वाईट का वाटत नाही' हा तिचा प्रश्न. लायकोरिस बघून इकडे आलात तर पहिले तीन-चार भाग जड जातील, पण सहाव्या भागापर्यंत थांबा.

घाटवाट

मी पाहिलीये, आणि आवडली नाही असंच प्रामाणिकपणे म्हणेन.

कॉलेजच्या वसतिगृहात एकाच्या हार्डडिस्कवर होती, रात्री चारपाच जण मिळून बघायचो. दहाव्या भागापर्यंत माझ्यासकट दोघंच उरलो. कारणं सांगतो.

एक तर संथपणा. मिरेयच्या आईवडिलांचा खून, ते घड्याळ, ती खोली, ही दृश्यं इतक्यांदा येतात की नंतर नंतर मी ती पुढे ढकलायला लागलो.

दुसरं, काळ्या सुटातले ते गुंड. दहा जण येतात, दहाही जण मोकळ्या जागेत उभे राहून गोळ्या झाडतात, एकही लागत नाही. किरिका एक उडी मारते आणि सगळे खलास. धोकाच नसेल तर थरार कसला? २६ भागांत दोघींचं काही बरंवाईट होईल अशी भीती मला फार थोड्या वेळा वाटली.

तिसरं, 'ले सोल्दा' ही गुप्त संघटना. हजार वर्षांपासून जगाच्या पडद्यामागे बसलेली, सगळीकडे हात पोचलेली. पण ती नेमकं करते काय? यांना चिठ्ठ्या पाठवते आणि सुटातली माणसं मरायला पाठवते. हे माझं वैयक्तिक मत, पण एवढ्या मोठ्या संघटनेला एवढंच काम?

संगीत मात्र अफलातून. त्याबद्दल वाद नाही.

सतारवेडी

संगीताचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही.

युकी काजिउराचं नाव आज 'मादोका माजिका', 'फेट/झीरो', 'सोर्ड आर्ट ऑनलाइन', 'डीमन स्लेयर' यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण तिचं नाव खर्‍या अर्थाने झालं ते न्वारपासून. लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे ती काही वर्षं पश्चिम जर्मनीत राहिली, वडिलांना ऑपेराची आवड. न्वारमध्ये ते सगळं उतरलंय. 'काँता पेर मे' हे गाणं इटालियनमध्ये, 'साल्वा नोस' लॅटिनमध्ये. खाली इलेक्ट्रॉनिक ठेका, वर चर्चमधल्यासारखा समूहस्वर. गोळीबार चालू असताना मागे प्रार्थना चाललीये असं वाटतं.

आठव्या आणि नवव्या भागात सिल्वाना येते. सिसिलीच्या माफियाची वारस, आणि मिरेय लहानपणापासून जिला घाबरते ती. त्या भागांत 'काँता पेर मे' ज्या ठिकाणी सुरू होतं ना, तिथे मिरेय पहिल्यांदा एखाद्या घाबरलेल्या लहान मुलीसारखी दिसते. हात थरथरतोय, पिस्तूल उचलत नाहीये, आणि गाणं मात्र शांतपणे चढत चाललंय. गाणं तिची भीती वाढवत नाही, सावरतही नाही, नुसतं सोबत चालतं. मी ते दृश्य आवाज बंद करूनही बघितलंय. सपाट वाटतं. म्हणजे अर्धं दिग्दर्शन काजिउराने केलंय असं मी म्हणेन.

सुरुवातीचं गाणं आली प्रोजेक्ट या जपानी संगीतगटाचं, 'कॉपेलिया नो हित्सुगि'. कॉपेलिया म्हणजे देलिबच्या १८७० च्या बॅलेमधली यांत्रिक बाहुली. किरिकाला दुसर्‍या कुणीतरी घडवलंय, चावी दिलीये, हे शीर्षकगीत पहिल्या दिवसापासून सांगत असतं.

चौथा_कट्टा

@घाटवाट, तुमच्या मुद्द्यांपैकी पहिल्यावर बोलतो, कारण माझं पोट याच धंद्यावर आहे. (पुण्यात अ‍ॅनिमेशन स्टुडिओत कंपोझिटिंग, म्हणजे चित्रांचे थर एकत्र जोडायचं काम करतो.)

दर आठवड्याला एक भाग द्यायचा आणि पैसे बेताचे, अशा वेळी प्रत्येक दिग्दर्शकाला काटकसर करावी लागते. कुणी तोंडं हलवत ठेवतो आणि पार्श्वभूमी गोठवतो, कुणी धावण्याचं तेच चक्र फिरवतो. माशिमोने वेगळा रस्ता धरला. त्याने स्थिर चित्रांवर कॅमेरा सावकाश सरकवला. भिंतीवरून खिडकीकडे, खिडकीतून चेहर्‍याकडे. हालचाल कॅमेर्‍याची, चित्र तेच. वर संगीत. त्यात डोळे आणि हातांवर येणारे अगदी जवळचे कोन. गोळीबारातसुद्धा नीट बघा, किती वेळा आपल्याला फक्त पिस्तुलाची नळी, रिकामं काडतूस जमिनीवर पडताना आणि समोरच्याचा कोसळणारा कोट दिसतो. मधला सगळा भाग आपण मनात भरतो. हे स्वस्तात होतं आणि सुंदर दिसतं, दोन्ही खरं आहे.

पुनरावृत्तीचं मान्य. जुनी दृश्यं परत वापरणं ही काटकसरच. पण माशिमोने त्या आठवणीत दर वेळी थोडी भर घातलीये. आधी नुसतं घड्याळ, मग पिस्तूल धरलेला हात, मग तो हात लहान मुलाचा आहे हे कळतं. मी मालिका दुसर्‍यांदा बघितली तेव्हा ही वाढत जाणारी चौकट नीट दिसली. पुढे ढकलत बघितली तर हे हातून जाणार.

रक्ताबद्दल : टीव्ही टोकियोची त्या काळातली बंधनं कडक होती. 'काऊबॉय बिबॉप' १९९८ साली याच वाहिनीवर अर्धीमुर्धीच दाखवली गेली, पूर्ण मालिका नंतर वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर आली. तेव्हा मुली माणसं मारतात अशी मालिका तिथे आणायची तर रक्त वगळणं आलंच. कौतुक याचं, की ती उणीव वाटत नाही.

घाटवाट

@चौथा_कट्टा, माहितीबद्दल आभार, हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तरी रक्त न दाखवल्यामुळे खून फार स्वच्छ होतात ही माझी तक्रार कायम. माणूस मेला की मेला, कपड्यावर डागही नाही. मग मारण्याचं ओझं प्रेक्षकापर्यंत पोचणार कसं?

खिडकीपाशी

@घाटवाट, ते ओझं कुठे पोचतं ते सांगते. सहावा भाग, नाझारोव.

(सहाव्या भागाचा रसभंग)

थंड, गरीब वस्ती. म्हातारा माणूस, बेघरांना जेवू घालतो, लोक त्याला देवमाणूस समजतात. एक मांजर पाळलेलं. पूर्वी हाच सोव्हिएत गुप्तहेर खात्यात होता आणि एका अख्ख्या जमातीची कत्तल याच्या हुकमाने झाली. सुपारी देणारे त्या कत्तलीतून वाचलेले. म्हणजे देणार्‍यांचं दुःख खरं, आणि म्हातार्‍याचं आजचं पुण्यही खरं. किरिका त्या मांजरामुळे त्याच्यापर्यंत पोचते, त्याला जवळून बघते. आणि तरीही गोळी झाडते.

त्या भागात रक्ताचा सडा असता तर माझं लक्ष तिकडे गेलं असतं. इथे लक्ष किरिकाच्या चेहर्‍यावरून हलत नाही, आणि त्या चेहर्‍यावर काहीही उमटत नाही. ते बघून मी टीव्ही बंद करून बराच वेळ बसून होते. ज्या दिवशी तिला म्हातार्‍याचं वाईट वाटेल त्या दिवशी ती माणूस होईल, आणि ज्या दिवशी ती माणूस होईल त्या दिवशी तिला हे सगळे मेलेले आठवतील, हे कळत होतं. पुढे तेच होतं. तेरावा भाग आठवतोय का? तो चित्रं काढणारा, पूर्वी फ्रेंच परकीय फौजेत असलेला माणूस, जो तिला नदीकाठी चित्र काढायला शिकवतो? तिथे पहिल्यांदा तिच्याकडे हरवण्यासारखं काही येतं. त्या भागाचा शेवट मला सगळ्या मालिकेतला सर्वांत क्रूर वाटतो.

बाराखडी२६

छान चर्चा. मी एका वेगळ्या बाजूने लिहिते.

'मुली आणि बंदुका' हा प्रकार मी सहसा टाळते. कारण बहुतेक वेळा मुलगी नावाला मारेकरी असते, कॅमेरा मात्र तिच्या अंगावरून फिरत असतो. न्वारमध्ये मला हा त्रास जवळजवळ झाला नाही. मिरेयचे कपडे तोकडे असतात, ते खटकतं. पण कॅमेरा तिच्या डोळ्यांकडे बघतो, ती कशी विचार करते तिकडे बघतो. किरिका तर साध्या हुडीत वावरते. लाजणं-मुरडणं नाही, वाचवायला येणारा पुरुष नाही, प्रेमाचा त्रिकोण जुळवायचा म्हणून आणलेला नायक नाही. महत्त्वाच्या चारही व्यक्ती बायका : मिरेय, किरिका, क्लोई आणि ले सोल्दातली आल्तेना. दुष्टावा करणारी, तत्त्वज्ञान सांगणारी, जीव लावणारी, दगा देणारी, सगळ्या बायकाच. २००१ च्या टीव्ही मालिकेत हे किती दुर्मीळ होतं याचा विचार करा.

आणि क्लोई! तिच्याबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही? झगा घालून फेकीच्या सुर्‍या चालवणारी, पण आतून शाळकरी पोरीसारखी हळवी. लहानपणी तिने किरिकाला खून करताना पाहिलं आणि त्या क्षणापासून तिला देव मानलं. अख्खं आयुष्य 'आपण दोघी मिळून न्वार होणार' या एका आशेवर काढलं. आणि किरिकाला ती आठवतही नाही. मिरेयच्या घरी चहाला येते तो भाग बघा. तिघी मारेकरी टेबलाशी बसून चहा पितायत, क्लोई मनापासून खूश आहे, मिरेयला तिचा संताप येतोय. एवढा अवघडलेला आणि एवढा गोड प्रसंग मी अ‍ॅनिमेत दुसरा पाहिला नाही.

आल्तेनाला आवाज दिलाय ताराकोने. तीच ती, 'चिबी मारुको-चान' या जपानी मालिकेतल्या छोट्या मारुकोचा आवाज. २०२४ च्या मार्चमध्ये गेली. घराघरांत ऐकलेला खोडकर मुलीचा आवाज इथे एवढ्या मायेने, एवढ्या हळू बोलतो की अंगावर काटा येतो. द्वेषानेही माणसाला वाचवता येतं, असं ती आई अंगाई म्हणते त्या सुरात सांगते.

सीनकाठ

मी नोकरीनिमित्त पॅरिसमध्ये असते, म्हणून दोन गोष्टी.

मालिकेतलं पॅरिस मला आवडतं, कारण ते पर्यटकांचं नाही. आयफेल टॉवर उगाच दर पाच मिनिटांनी डोकावत नाही. जुन्या इमारतींचे जिने, राखाडी पत्र्याची छपरं, नदीकाठचे दगडी कट्टे, दफनभूमी. फक्त इतकं रिकामं पॅरिस मी ऑगस्टमध्येसुद्धा पाहिलेलं नाही. सगळं शहर या दोघींसाठी मोकळं करून ठेवल्यासारखं वाटतं, आणि त्याने त्यांचं एकटेपण ठसतं.

दुसरं कॉर्सिकाबद्दल. मिरेयला तिथली दाखवणं हा नुसता देखणा तपशील नाही. जेनोआने १७६८ मध्ये ते बेट फ्रान्सच्या हवाली केलं, त्याच्या आधीपासून तिथे खुनाच्या बदल्यात खून ही घराण्यांची रीत होती, आणि नंतरही ती बराच काळ टिकली. आपल्या घरच्यांना मारणार्‍याला मारणं हे तिथे कर्तव्य मानलं जायचं. आता हे डोक्यात ठेवून मिरेयचं किरिकाशी वागणं बघा. मारणार्‍याचं नाव कळल्यावर तिने काय करायचं हे तिच्या मातीने आधीच ठरवून दिलंय. ती ते करते की नाही, ही खरी गोष्ट.

घाटवाट

@सीनकाठ, हा मुद्दा एक नंबर. कॉर्सिकाचा असा विचार केला नव्हता. क्लोईबद्दल @बाराखडी२६ यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या मते मालिका उत्तरार्धात उचल घेते ती क्लोईमुळेच. पण ले सोल्दाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही!

चौथा_कट्टा

ले सोल्दाचं उत्तर नाहीये, हे मान्य करून टाकू. संघटना म्हणून ती पोकळच आहे. माशिमोला तिचा कारभार दाखवण्यात रस नव्हता. त्याला दोन मुली आणि त्यांच्यावर लादलेलं विधिलिखित एवढंच हवं होतं. ज्यांना कटकारस्थानाचा कोडेपट हवाय त्यांची निराशा होणार.

मिणमिणता_दिवा

तुमचं वाचून बघायला घेतली होती, काल संपवली! आता मला शेवटाबद्दल बोलायचंच आहे.

(रसभंग, शेवटचे दोन भाग)

क्लोईला किरिका जेवणाच्या काट्याने मारते. काट्याने! इतके भाग पिस्तुलं, सुर्‍या बघितल्या आणि सर्वांत जवळच्या माणसाला मारायला हाताशी आलं ते टेबलावरचं साधं भांडं. मी रडले. आणि मग मिरेय किरिकाचा हात धरून तिला वर ओढते, दोघी बाहेर पडतात, मला वाटलं चला, सुटल्या. तेवढ्यात सगळ्यात शेवटी दोन गोळ्यांचे आवाज. म्हणजे काय? मिरेयने करार पाळला का? दोघींनी एकमेकींना मारलं का?

बाराखडी२६

(रसभंग)

माझ्या मते नाही. जिला मारायचं ठरलं होतं तिलाच आगीच्या खाईच्या तोंडातून वर ओढल्यावर करार तिथेच मोडला. परत पिस्तूल काढायला काही कारणच उरत नाही. ते आवाज म्हणजे ले सोल्दाची माणसं अजून मागे आहेत आणि या दोघी अजूनही नेम चुकत नाहीत.

घाटवाट

(रसभंग)

मला उलट वाटतं. दोन आवाज, दोन मुली. एवढा नेमका आकडा दिग्दर्शक उगाच देत नाही.

खिडकीपाशी

(रसभंग)

मी बाराखडीच्या बाजूने. आणि कारण तेच, जे मी वर मांडलं होतं : ही मालिका दाखवत नाही. ज्या माशिमोने २६ भाग गोळी लागण्याचा क्षण वगळला, तो शेवटची गोळीही फक्त ऐकवणार. त्यावरून कोण मेलं हे ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की पिस्तुलं खाली ठेवली गेली नाहीत. किरिकाला आता वाईट वाटतं, रडू येतं, आणि तरी तिला गोळी झाडावी लागणार. सहाव्या भागातली किरिका आणि ही किरिका, नेम तोच, पण आत सगळं बदललंय. दोघी मेल्या असं मानलं तर हे सगळं फुकट जातं.

@मिणमिणता_दिवा, पुढे काय बघायचं असं विचारशीलच, म्हणून आत्ताच सांगते. याच माशिमोची 'मॅडलॅक्स' (२००४) आणि 'एल काझादोर दे ला ब्रूहा' (२००७). तिन्हींना एकत्र धरून त्रयी म्हणतात, पण गोष्टी वेगवेगळ्या आहेत, कुठलीही आधी बघितली तरी चालेल. संगीत तिन्हींना काजिउराचंच. मॅडलॅक्समध्ये यादवीने पोखरलेला एक काल्पनिक देश आहे आणि गूढाचा भाग न्वारपेक्षा खूप जास्त. माझ्या मते गुंता जरा हाताबाहेर गेलाय. एल काझादोर हलकीफुलकी, उन्हातली, प्रवासाची. न्वारनंतर लगेच मॅडलॅक्स नको घेऊस, त्याच मनःस्थितीत तुलना होत राहते. आधी एल काझादोर घे.

सतारवेडी

आणि मॅडलॅक्सला पोचलीस की 'नोव्हेअर' हे गाणं ऐक. सुरुवातीला तेच ते वाजतंय म्हणून वैताग येईल, कारण जवळजवळ प्रत्येक चकमकीत ते येतं. पण हेडफोन लावून, मालिका बाजूला ठेवून एकदा पूर्ण ऐक. त्यातला समूहस्वर कसा बांधलाय त्यावर मला इथेच सविस्तर लिहायचंय, शनिवारी लिहिते.